गृहीत, ठरलेले, मागवलेले, मोजलेले : एका इमारतीच्या बीआयएम समन्वयाच्या नोंदी

८ जानेवारी

तळमजला अधिक पाच मजल्यांच्या रुग्णालय इमारतीच्या बीआयएम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे इमारतीचे माहितीसह संगणकीय त्रिमितीय मॉडेल) समन्वयाचे काम आजपासून माझ्याकडे आले. पायाचे काम साइटवर सुरू आहे आणि वरच्या मजल्यांचे आरेखन अद्याप चालू आहे. आमच्या कार्यालयात त्रिमितीय चित्रे यापूर्वीही होत असत, परंतु ती काम मिळवताना दाखवण्यापुरती. बांधकाम मात्र द्विमितीय ड्रॉइंगवरच चाले. या वेळी करारातच अट आहे की वास्तुरचना, संरचना आणि एमईपी (यांत्रिकी, विद्युत आणि नळकाम) या तिन्ही शाखांची ड्रॉइंग मॉडेलमधूनच काढायची. त्याच करारात पुढे असेही म्हटले आहे की मॉडेल आणि ड्रॉइंग यांत तफावत आढळल्यास ड्रॉइंग ग्राह्य धरावे. मॉडेलवर विश्वास ठेवा, पण फार ठेवू नका, असा त्याचा सरळ अर्थ होतो, आणि सुरुवातीला तो रास्तच आहे.

पहिली बैठक दीड तास चालली. त्यातला सुमारे तासभर सॉफ्टवेअर कोणते घ्यावे यावर गेला, आणि कोणाला कोणती माहिती कोणत्या टप्प्यावर लागेल या प्रश्नाला जेमतेम दहा मिनिटे मिळाली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ही नवी टूम किती दिवस टिकेल अशी शंका काढली, म्हणून इतिवृत्तात थोडा इतिहास नोंदवला आहे. एकाच वर्णनातून सर्व नकाशे काढावेत आणि बदल एकदाच करावा, ही कल्पना चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्येच मांडली होती; या कल्पनेवरची सॉफ्टवेअर, आर्किकॅड १९८० च्या दशकात आणि रेव्हिट २००० मध्ये, बाजारात आली; ब्रिटनने केंद्र सरकारच्या कामांसाठी एप्रिल २०१६ पासून बीआयएमची अट घातली. पन्नास वर्षांच्या कल्पनेला टूम म्हणता येत नाही. ती इतकी सावकाश का पसरली, हा प्रश्न मात्र योग्य आहे, आणि त्याचे उत्तर या कामात मिळाले तर येथे लिहीन.

१६ जानेवारी

अंमलबजावणी आराखड्याचा पहिला मसुदा पूर्ण केला. आधार आयएसओ १९६५० या, बीआयएममधील माहितीच्या व्यवस्थापनाच्या, मानकमालेचा घेतला आहे. तिचे पहिले दोन भाग २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले आणि त्याआधीच्या ब्रिटिश मानकांची जागा त्यांनी घेतली. त्यातली आम्हाला लगेच उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे फाइलच्या चार अवस्था : काम सुरू, सामायिक, प्रकाशित आणि संग्रहित. कोणतीही फाइल ‘काम सुरू’ मधून ‘सामायिक’ मध्ये जाताना त्या शाखेच्या प्रमुखाने ती तपासलेली असली पाहिजे, आणि ती कशासाठी वापरता येईल याचा संकेतांक तिच्यावर असला पाहिजे. ब्रिटिश पुरवणीतले संकेतांक आम्ही जसेच्या तसे घेतले : एस१ म्हणजे समन्वयासाठी, एस२ म्हणजे माहितीसाठी, एस३ म्हणजे पाहून अभिप्राय देण्यासाठी.

फाइलींच्या नावांवरून अपेक्षेपेक्षा जास्त वाद झाला. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ आणि ‘अंतिम नवीन २’ अशा नावांची सवय असलेल्या मंडळींना सात तुकड्यांचे नाव जाचक वाटणे स्वाभाविक आहे.

२८ जानेवारी

तिन्ही शाखांची मॉडेल आज प्रथमच एकमेकांवर ठेवली. संरचनेचे मॉडेल वास्तुरचनेच्या मॉडेलशी १७ अंशांचा कोन करून तिरके बसले, कारण एकाने खरी उत्तर दिशा धरली होती आणि दुसऱ्याने कागदाची वरची बाजू. ही चूक पाहताक्षणी दिसली आणि तासाभरात सुटली.

उशिरा दिसली ती दुसरी. सर्व मॉडेल जुळली असे वाटल्यानंतरही स्लॅबचा वरचा पृष्ठभाग आणि वास्तुरचनेतील मजल्याची पातळी यांत ७५ मिमीचा फरक होता. वास्तुरचनाकारांचे शून्य फरशीच्या वरच्या पातळीला होते, आणि संरचना अभियंत्यांचे शून्य काँक्रीटच्या वरच्या पातळीला. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघांच्याही ड्रॉइंगवर एकच आकडा, शून्य, छापलेला होता. इतकी वर्षे हा फरक साइटवरचा पर्यवेक्षक मनातल्या मनात वजा करत आला असणार, आणि त्याची नोंद कोठेही नाही.

उपाय म्हणून प्रत्येक मॉडेलमध्ये ग्रिडच्या (स्तंभांच्या आखणीच्या) रेषा क आणि १ यांच्या छेदावर, काँक्रीटच्या पातळीवर टोक येईल असा एक छोटा उलटा पिरॅमिड ठेवला आहे. मॉडेल जोडल्यावर तिन्ही टोके एका बिंदूत आली नाहीत, तर पुढचे काहीही तपासायचे नाही.

११ फेब्रुवारी

संरचना सल्लागारांचे सॉफ्टवेअर आमच्यापेक्षा वेगळे आहे, म्हणून देवाणघेवाण आयएफसी या खुल्या स्वरूपातून होते. बिल्डिंगस्मार्ट या संस्थेने सांभाळलेले हे स्वरूप २०१३ पासून आयएसओ १६७३९ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात भिंत ही भिंत म्हणून, स्तंभ हा स्तंभ म्हणून जातो. केवळ आकार जात नाही, तर ती वस्तू काय आहे हेही जाते. निदान जायला हवे. आजच्या फाइलमध्ये २१२ वस्तू ‘प्रॉक्सी’ या सदरात आल्या. दिसायला त्या ठीक होत्या, पण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने त्या नुसत्या ‘काहीतरी’ होत्या. आमच्या तपासणीचे नियम वस्तूच्या वर्गावर चालतात, त्यामुळे या २१२ वस्तू प्रत्येक नियमातून निसटल्या आणि त्यांच्याविषयी एकही तक्रार अहवालात आली नाही. निर्यातीच्या वेळी कोणता घटक कोणत्या वर्गात जाईल याचा तक्ता सल्लागारांना पाठवला आहे.

१२ फेब्रुवारी

एका सहकाऱ्याने वास्तुरचनेची केंद्रीय फाइल नव्या आवृत्तीत उघडून जतन केली. नव्या आवृत्तीतली फाइल जुन्यात परत येत नाही. कालच्या रात्रीची प्रत होती म्हणून एका दिवसाच्या कामावर निभावले. आवृत्ती प्रकल्प संपेपर्यंत बदलायची नाही, हे वाक्य आराखड्यात ठळक अक्षरात घातले.

२६ फेब्रुवारी

पहिली क्लॅश तपासणी केली; क्लॅश म्हणजे मॉडेलमधल्या दोन वस्तू एकाच जागेत येणे. ४,३१८ क्लॅश आले. आकडा पाहून व्यवस्थापन धास्तावले, पण मी तो मनावर घेतला नाही, कारण स्लॅबला टेकलेली प्रत्येक भिंत, स्तंभात शिरलेली प्रत्येक तुळई आणि डक्टच्या (हवा नेणाऱ्या नळीच्या) इन्सुलेशनला चाटून जाणारा प्रत्येक पाइप यंत्राच्या लेखी क्लॅशच असतो. एकाच डक्टच्या कडेने जाणारा स्प्रिंकलरचा एक पाइप २२ वेळा मोजला गेला होता, कारण डक्टचे तेवढे तुकडे होते. सहनमर्यादा १० मिमी धरून, कोणत्या वर्गाची कोणत्या वर्गाशी तपासणी करायची याचा तक्ता लावून आणि एकाच कारणाचे क्लॅश एकत्र करून दोन दिवसांत ५७ प्रश्न उरले. बैठकीत घेण्याजोगे तेवढेच आहेत. क्लॅशची संख्या प्रगतीचे माप म्हणून दर आठवड्याला कळवावी अशी सूचना आली होती. ती मी नाकारली, कारण सहनमर्यादा थोडी वाढवली की ही संख्या कोणालाही हवी तितकी कमी करता येते.

कोणी कोणाला वाट द्यायची याचा क्रमही लेखी ठरवला. ड्रेनेजचा पाइप हलत नाही, कारण पाणी फक्त खाली जाते. मोठी डक्ट सहसा हलत नाही, कारण तिला वळण देण्यास जागा लागते. केबल ट्रे त्यानंतर. आणि दाबाखालचे पाइप वळू शकतात, म्हणून त्यांनी वळावे. प्रत्येक प्रश्न बीसीएफ या स्वरूपात पाठवतो आहोत, म्हणजे संपूर्ण मॉडेल न पाठवता त्या जागेचे दृश्य, संबंधित वस्तूंचे क्रमांक आणि शेरा एवढेच जाते, आणि समोरच्याच्या पडद्यावर नेमकी तीच जागा उघडते. पूर्वी यासाठी नकाशाच्या छायाचित्रावर लाल गोल काढून पाठवले जात, आणि गोल कोणत्या मजल्यावरचा आहे हे विचारण्यात अर्धा दिवस जाई.

फिल्टर ओढून काढण्यासाठी आणि व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्यासाठी लागणारी मोकळी जागाही पारदर्शक ठोकळे म्हणून मॉडेलमध्ये घातली आहे. रिकामी जागा हीही एक वस्तू आहे असे मानल्याशिवाय यंत्र ती राखत नाही.

१० मार्च

तिसऱ्या मजल्याच्या मार्गिकेतील ड्रेनेजबाबत अहवालात एकही क्लॅश नव्हता, तरीही ते चुकीचे निघाले, म्हणून सविस्तर लिहून ठेवते. ११० मिमी व्यासाचा पाइप १८ मीटर धावून शाफ्टमध्ये, म्हणजे मजल्यांतून खाली जाणाऱ्या उभ्या पोकळीत, उतरतो. मॉडेलमध्ये तो सपाट काढलेला होता. तुळईच्या तळापासून फॉल्स सीलिंगपर्यंत २५० मिमी जागा आहे. वर २० मिमी मोकळे सोडून ११० मिमीचा पाइप त्यात आरामात बसला आणि खाली दिव्यांसाठी १२० मिमी उरले. पण १०० ला १ असा उतार दिला की १८ मीटरमध्ये पाइप १८० मिमी खाली येतो. २० अधिक ११० अधिक १८० म्हणजे ३१० मिमी झाले, आणि शाफ्टजवळ पाइप छतातून ६० मिमी बाहेर डोकावू लागला.

शाफ्ट मार्गिकेच्या मध्यावर आणून दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ मीटरच्या धावा केल्या. आता २० अधिक ११० अधिक ९० म्हणजे २२० मिमी लागतात. या बदलात वास्तुरचनाकारांचे एक साठवणीचे कपाट गेले आणि दिव्यांच्या जागा बदलाव्या लागल्या, पण हे सर्व त्या मजल्याचा स्लॅब पडण्याआधी झाले.

आरेखकाने पाइप सपाट का काढला असे विचारले, तेव्हा उतार नंतर देणार होतो, तूर्त फक्त मार्ग दाखवला आहे, असे उत्तर मिळाले. उत्तर प्रामाणिक होते. मॉडेलमधल्या पाइपकडे पाहून मात्र तो ‘तूर्त’ आहे हे कोणालाही कळले नसते.

पॅट्रिक मॅक्लीमी यांनी २००४ मध्ये लोकप्रिय केलेला आलेख आज बैठकीत दाखवला : जसजसा प्रकल्प पुढे सरकतो तसतशी बदल करण्याची मुभा घटते आणि बदलाचा खर्च चढतो, म्हणून मेहनत आधीच्या टप्प्यावर आणावी. सर्वांनी माना डोलावल्या. मग एमईपी सल्लागारांनी शांतपणे विचारले की मेहनत आधी आणायची, तर मानधनाचे हप्तेही आधी येणार का. हप्ते जुन्याच पद्धतीने, ड्रॉइंग साइटवर गेल्यावर मिळतात. ८ जानेवारीच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर येथे आहे असे मला वाटते.

२ एप्रिल

पहिल्या मजल्याच्या स्लॅबमधील वातानुकूलन डक्टचे भोक लहान पडले. ९०० बाय ६०० मिमी सोडले आहे आणि १,३०० बाय ६०० मिमी हवे आहे. स्लॅब पडून सहा दिवस झाले आहेत.

४ एप्रिल

दोन दिवस सर्वांशी बोलून घटनाक्रम लावला. जानेवारीत एमईपीच्या आरेखकाने वातानुकूलन यंत्राच्या जागी एका उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवलेले तयार मॉडेल ठेवले. त्यावर बोल्टची डोकी होती, तपासणीचा दरवाजा होता, कंपनीचा बिल्लादेखील होता. यंत्राची निवड तेव्हा झालीच नव्हती. जागा अडवून ठेवण्यासाठी कोणते तरी हवे म्हणून ते ठेवले होते. संरचनेच्या आरेखकाने ते पाहिले, आणि बोल्टपर्यंत काढलेले यंत्र निवडलेलेच असणार असे समजून त्याच्या डक्टच्या मापाने भोक ठेवले. मार्चमध्ये उष्णताभाराचे गणित पूर्ण होऊन मोठे यंत्र ठरले. ते पत्राने कळवले गेले, पण मॉडेलमधले जुने यंत्र त्याच जागी राहिले.

फाइलवर एस१ हा संकेतांक होता, म्हणजे ती समन्वयासाठी होती, बांधकामाचे माप घेण्यासाठी नव्हती. नियमाने आम्ही सुटतो, पण भोक सुटत नाही. आणि माझी स्वतःची चूक अशी की समन्वय बैठकीत मी या जागेपुढे ‘क्लॅश नाही’ असा शेरा लिहिला होता. तो अक्षरशः खरा होता : चुकीच्या मापाचे भोक चुकीच्या मापाच्या डक्टला अगदी नेमके बसले होते.

संरचना अभियंत्यांनी भोकाच्या कडेला पोलादी चौकट देऊन ४०० मिमी कापण्यास परवानगी दिली आहे. कोअर कटिंग, चौकट आणि तपासणी मिळून अकरा दिवस लागतील.

संध्याकाळी एका जुन्या प्रकल्पाची ट्रेसिंग काढून पाहत बसले. हाताने काढलेल्या नकाशाला अनिश्चितता दाखवण्याच्या किती सोयी होत्या : तुटक रेषा, मापापुढे ‘अंदाजे’, अनिर्णित भागाभोवती ढग आणि त्यात ‘होल्ड’ हा शब्द. ज्याला यंत्र ठाऊक नव्हते तो एक चौकोन काढून त्यात फुली मारी, आणि पाहणाऱ्यालाही कळे की हा नुसता चौकोन आहे. मॉडेलमध्ये दार ठेवायचे म्हटले तरी त्याला जाडी, चौकट आणि बिजागऱ्या घेऊनच यावे लागते. ठरलेले दार आणि तात्पुरते दार एकसारखेच दिसतात. आम्ही विचाराआधी रेखीवपणा मिळवला.

एलओडी (लेव्हल ऑफ डेव्हलपमेंट, म्हणजे घटकाच्या विकासाचा स्तर) या संज्ञेचा घोळ याच जागी आहे. अमेरिकन वास्तुविशारद संस्थेने २००८ च्या आपल्या कराराच्या नमुन्यात १०० ते ५०० असे जे स्तर दिले, ते घटकावर किती विसंबून राहावे यासाठी होते; व्यवहारात त्यांचा अर्थ ‘किती बारकाईने काढले आहे’ असा झाला. आमचे यंत्र बारकाव्यात ४०० चे होते आणि भरवशात १०० चेही नव्हते.

७ एप्रिल

सर्व शाखांच्या मॉडेलमध्ये ‘खात्री’ नावाचा एक गुणधर्म घातला. त्याला चारच किमती : गृहीत, ठरलेले, मागवलेले, मोजलेले. गृहीत म्हणजे जागा अडवली आहे. ठरलेले म्हणजे जबाबदार व्यक्तीने निर्णय दिला आहे, आणि निर्णयाचा क्रमांक पुढे लिहिला आहे. मागवलेले म्हणजे ऑर्डर गेली आहे. मोजलेले म्हणजे जागेवर बसल्यावर माप घेतले आहे. रिकामी किंमत गृहीत समजायची. रंग अनुक्रमे लाल, पिवळा, निळा आणि हिरवा. कोणत्याही लाल वस्तूच्या मापावरून भोक, स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी काँक्रीटमध्ये बसवलेली नळी) किंवा पाया काढायचा नाही.

यात तंत्रज्ञानाचे काही नाही. कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये अर्ध्या तासात होते. जड आहे ते दुसरेच.

२२ एप्रिल

ते असे : रंग लावल्यावर संपूर्ण इमारत लाल दिसली. व्यवस्थापनासमोर सादर करताना रंग बंद ठेवता येतील का, अशी विचारणा तीनदा झाली. आरेखनाची इतकी प्रगती झाली असे सर्वांना वाटत होते, ते प्रत्यक्षात इतके अनिर्णित आहे हे पाहणे कोणालाच सुखाचे नव्हते, मलाही नाही. दारांचे उदाहरण बोलके आहे. मॉडेलमध्ये १८६ दारे आहेत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक दारे सॉफ्टवेअरने आपणहून दिलेल्या मापाची निघाली. खाट बाहेर काढण्यासाठी जेथे रुंद दार हवे तेथेही तेच. खरेदी विभागाने मॉडेलमधून दारांची यादी काढून दरपत्रके मागवण्याची तयारी केली होती, ती थांबवली.

रंग बंद केलेले नाहीत.

१४ मे

साइटवर टॅबलेट दिला आहे. उन्हात पडदा दिसत नाही, हातमोजे घालून तो चालत नाही, आणि धुळीने दोन दिवसांत चार्जिंगची जागा बुजली. त्यामुळे मुकादमांच्या खोलीत सावलीत एक मोठा पडदा लावला आणि टॅबलेट फक्त मापे परत पाठवण्यापुरता ठेवला. आणखी एक अडचण भाषेची आली. बीआयएमला सर्वजण ‘बिम’ म्हणतात, आणि साइटवर बीम म्हणजे तुळई. “बिममध्ये तपासून घ्या” असा निरोप गेल्यावर कोणत्या ग्रिडचा बीम, असे उलट विचारणे आले. आता आम्ही ‘मॉडेल’ एवढेच म्हणतो.

आज मुकादमांनी त्या पडद्यासमोर अर्धा तास घेतला. ज्या निवडक सांध्यांत सळ्यांची गर्दी आहे, तेवढ्याच जागी आम्ही सळ्या मॉडेलमध्ये काढल्या आहेत. सर्वत्र काढणे हे मेहनत वाया घालवणे आहे असे माझे मत आहे. एका ३०० मिमी रुंद तुळईत २५ मिमीच्या चार सळ्या होत्या. त्यांनी तुळईवर बोट ठेवले आणि म्हणाले, “मॅडम, या ठिकाणी खडी उतरायची नाही.” मी म्हटले, चारच तर सळ्या आहेत. “चार इथे आहेत. जोडावर आठ होतात.”

हिशेब करून पाहिला. दोन्ही बाजूंनी २५ मिमी कव्हर (लोखंडाबाहेरचे काँक्रीट) आणि ८ मिमीची, सळ्यांभोवतीची रिंग वजा करता आत २३४ मिमी उरतात. चार सळ्यांचे १०० गेले की तीन फटींना प्रत्येकी ४४ मिमी मिळतात, काहीच अडचण नाही. पण जोडावर एक सळई संपण्याआधी दुसरी तिच्या शेजारी सुरू होते; चारही सळ्यांचे जोड एकाच जागी शेजारी-शेजारी आले, तर २०० मिमी लोखंडच होते आणि फट ११ मिमीची राहते. मोकळी फट सळईच्या व्यासाइतकी आणि सर्वांत मोठ्या खडीपेक्षा ५ मिमी जास्त हवी. आमची खडी २० मिमी आहे, म्हणजे २५ मिमी तरी हवेच. दोन सळ्यांचे जोड येथे आणि दोघींचे पुढे, असे आलटून-पालटून घेतले तर १५० मिमी लोखंड होते आणि फट २८ मिमीची मिळते. ड्रॉइंगवर जोड ही एका कोपऱ्यातली टीप होती. मॉडेलमध्येही आम्ही सळई सलगच काढली होती, कारण जोड कोठे येणार हे बाजारात मिळणाऱ्या सळईच्या लांबीवर ठरते, आणि तो विचार आमच्या खोलीत कोणी केला नव्हता.

मग इतकी वर्षे हे कसे चालले, असे मी विचारले. “आम्ही जोड वर-खाली बांधतो. कोणी विचारत नाही, आम्ही सांगत नाही.” वर-खाली बांधल्याने सळईची पातळी बदलते आणि तुळईची प्रभावी खोली थोडी घटते, हे संरचना अभियंत्यांना ठाऊक असायला हवे होते. उद्या दोघांना एका पडद्यासमोर बसवते आहे. सळ्यांच्या जोडांची जागा यापुढे ‘गृहीत’ म्हणून लाल राहील आणि मुकादमांनी मान्य केल्यावरच पिवळी होईल.

३ जून

परिमाणे काढली. स्लॅब आणि स्तंभ यांच्या छेदातले काँक्रीट दोनदा मोजले जात होते, कारण दोन्ही घटक मॉडेलमध्ये एकमेकांत शिरलेले होते पण जोडलेले नव्हते. ४५० मिमी चौरस स्तंभ, १५० मिमी जाडीचा स्लॅब, ४८ स्तंभ आणि सहा स्लॅब धरले तर हा फरक पावणेनऊ घनमीटरचा होतो. शटरिंग, मचाण आणि वाया जाणारे साहित्य मॉडेलमध्ये नसतेच. ते अंदाजपत्रकाच्या लोकांनी पूर्वीप्रमाणेच धरावे. मॉडेलमधून आलेला आकडा दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत छापला जातो, म्हणून तो तितका अचूक ठरत नाही.

वेळापत्रक मॉडेलला जोडण्याचा प्रयोगही केला. सादरीकरण देखणे झाले, पण या प्रकल्पात त्यातून एकच उपयोगाची गोष्ट निघाली : मोठा चिलर (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारे यंत्र) आत नेण्याआधी तळमजल्याची एक भिंत बांधून होणार होती. ती भिंत पुढे ढकलली.

२२ जुलै

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याचे लेझर स्कॅनिंग झाले. बिंदूंचा ढग मॉडेलवर ठेवला असता बहुतेक स्लीव्ह १५ मिमीच्या आत सापडल्या, आणि एका शाफ्टमधल्या चार स्लीव्ह ग्रिडच्या चुकीच्या बाजूला निघाल्या. त्यांची मॉडेलमधली जागा बदलली. काँक्रीटमधली बदलण्याची गरज नाही, कारण पाइप अजून आलेले नाहीत आणि ते वळू शकतात. आरेखकांना हे प्रथम पटत नव्हते. आपले बरोबर असताना चुकीच्या भोकाप्रमाणे आपण का हलायचे, असा त्यांचा सूर होता. परंतु ज्या दिवशी स्लीव्ह काँक्रीटमध्ये बसते त्या दिवसापासून ती बरोबर असते आणि मॉडेल चूक असते.

मुकादमांनी टॅबलेटवरून स्वतः पाठवलेली ३८ मापे या महिन्यात हिरवी झाली.

१८ सप्टेंबर

हस्तांतरणाच्या माहितीसाठी देखभाल अभियंत्यांबरोबर पहिली सविस्तर बैठक झाली. ही जानेवारीतच व्हायला हवी होती. कोबी या प्रमाणित तक्त्यात, जो मुळात अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागात २००७ च्या सुमारास तयार झाला, आम्ही हजारो ओळी भरल्या होत्या. त्यांनी त्या वरवर चाळल्या आणि विचारले की तिसऱ्या मजल्यावरच्या एका वॉर्डचे पाणी बंद करायचे तर कोणता व्हॉल्व्ह फिरवायचा. मॉडेलला हे सांगता यायला हवे : बेसिन निवडावे, पाइपच्या मागे मागे जावे, पहिला व्हॉल्व्ह सापडेल. करून पाहिले, तर १४ ठिकाणी पाइप दिसायला सलग आणि प्रत्यक्षात तुटलेले होते, दोन टोकांत काही मिलिमीटरची फट होती. ती जोडण्यास दीड दिवस लागला. हजारो ओळींतल्या त्यांना हव्या असलेल्या गोष्टी थोड्याच निघाल्या : फिल्टरची मापे, व्हॉल्व्हची जागा, हमीची मुदत आणि कोणते यंत्र कोणत्या पॅनेलवरून बंद होते.

खात्रीची आजची स्थिती अशी. स्लॅबमधील भोके आणि स्लीव्ह सर्व हिरव्या आहेत. दारे निळी आहेत. एमईपीमध्ये तीन वस्तू अजून लाल आहेत. दोन गच्चीवरच्या आहेत आणि पुढल्या आठवड्यात मोजल्या जातील. तिसरा पाचव्या मजल्यावरचा एक व्हॉल्व्ह आहे; त्याचे माप घेण्याआधीच भिंत बांधून, प्लॅस्टर होऊन गेली. त्या दिवशी माप घेण्याची आठवण देणे माझ्याकडे होते. तपासणीची झडप कोठे कापायची हे मॉडेलमधल्या जागेवरून ठरवता येणार नाही, म्हणून प्लंबरला बोलावले आहे. हस्तांतरणाच्या प्रतीतून लाल रंग काढून टाकावा अशी सूचना आज पुन्हा आली. ती प्रत आहे तशीच जाईल, आणि त्या व्हॉल्व्हपुढे ‘गृहीत’ हाच शब्द राहील.